बेळगावचे लंडन मिशन : पाठविणाऱ्यांचा हिशेब आणि घेणाऱ्यांचा

बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या माणसापुढे 'मिशन' हा शब्द उच्चारला तर त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम चर्च येत नाही, शाळा येते. बेळगावच्या बेननस्मिथ शाळेचे नाव तर तिकडच्या कित्येक घरांत इतके सरावाचे झाले आहे, की त्यात बेनन आणि स्मिथ अशा दोन पाद्र्यांची नावे जोडलेली आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. आमचे मूळ घराणे निपाणीचे. माझे आजोबा शिक्षणासाठी बेळगावी होते, ते मिशनच्याच शाळेत. सुटीत घरी आले की पणजी त्यांस परसात स्नान घालून मगच ओटीवर घेई, असे मी लहानपणी ऐकले आहे. शाळेची फी मात्र तीच पणजी आपल्या गाठीच्या पैशांतून, वेळेवर, न चुकता पाठवीत असे. मिशनविषयी आमच्या जुन्या मराठी घराण्यांची वृत्ती काय होती, हे या एका गोष्टीत बरेचसे आले.

परंतु ही मिशने आली कोठून? त्यांस येथे पाठविले कोणी, आणि कोणाच्या पैशावर? मुख्य म्हणजे, त्यांनी येथे राहावे की उठून जावे, हे ठरवीत कोण होते? आपण त्या शाळांतून शिकलो, त्या दवाखान्यांतून औषध आणले, पण हे प्रश्न कधी विचारले नाहीत. ते विचारले म्हणजे मोठा मनोरंजक आणि काहीसा खिन्न करणारा इतिहास हाती लागतो.

घरटी पट्टी, पण विलायतेची

१७९५ साली लंडनमध्ये काही धर्मोपदेशक आणि व्यापारी एकत्र आले आणि त्यांनी परदेशांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठी एक संस्था काढली. पुढे तिला लंडन मिशनरी सोसायटी असे नाव पडले. आपल्याकडे तिलाच लंडन मिशन म्हणत. ही संस्था इंग्लंडच्या राजाश्रयी चर्चची नव्हे. तिचा मुख्य आधार म्हणजे राजचर्चपासून फुटून निघालेल्या स्वतंत्र मंडळ्या. त्यांच्या साध्या प्रार्थनामंदिरांत दुकानदार, विणकर, कारागीर, मोलकरणी अशी माणसे येत. आपल्याकडे ग्रामदैवताच्या उत्सवासाठी घरटी पट्टी काढतात, तशी त्यांची परदेशी मिशनासाठी पट्टी असे. मुलांनाही यातून सूट नव्हती. १८४४ साली पॅसिफिक महासागरातील बेटांवर मिशनऱ्यांची ने-आण करण्यासाठी 'जॉन विल्यम्स' नावाचे जहाज बांधले गेले, ते तिकडच्या मुलांनी दिडकी-दिडकी जमवून उभारलेल्या सहा हजार पौंडांहून अधिक रकमेतून.

या पट्टीच्या मोबदल्यात देणाऱ्यास काय मिळे? पत्र मिळे. परदेशी गेलेला मिशनरी नियमाने पत्र धाडी. ते संस्थेच्या मासिकात छापून येई, रविवारी मंडळीपुढे वाचले जाई, आणि त्यावर पुढच्या वर्षीची पट्टी अवलंबून राही. ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण आपल्या मुलखाविषयी त्या काळी पाद्र्यांनी जे लिहिले, ते एका परीने वर्गणीचे आवाहनही होते. तेथे अंधार अधिक दाट रंगविला जाई आणि पहाट नेहमीच जवळ आलेली असे. त्यात लबाडी होती असे नव्हे. दूरच्या माणसाकडून मदत मागताना आपणही घरची अडचण थोडी वाढवूनच सांगतो.

कंपनी सरकारला आरंभी हे पाद्री नकोच होते. धर्माच्या नावाने लोक बिथरले तर व्यापार आणि राज्य दोन्ही बुडेल, ही धास्ती. १८१३ साली पार्लमेंटने सनदेत बदल केला आणि मिशनऱ्यांस हिंदुस्थानची वाट मोकळी झाली. १८१८ साली पेशवाई बुडाली, बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि तेथे फौजेची छावणी बसली. छावणीच्या मागोमाग, १८२० साली, बल्लारीहून लंडन मिशनचे रेव्हरंड जोसेफ टेलर बेळगावी आले. पुढे विल्यम बेनन त्यांस येऊन मिळाले, आणि नंतर स्मिथ.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. बेळगावच्या कॅम्पात सेंट मेरीजचे देखणे दगडी चर्च आहे. ते गोऱ्या पलटणींसाठी बांधलेले. अशा चर्चचा पाद्री सरकारी पगारी असे आणि त्याचे काम साहेबलोकांपुरते. लंडन मिशनचा पाद्री याहून निराळा. त्याचा पगार विलायतेतील त्या घरटी पट्टीतून येई, आणि त्याचे काम गावात, पेठेत, बाजारात. दोघेही गोरे, दोघेही बायबल वाचणारे, म्हणून आपल्या पूर्वजांनी दोघांस एकाच पंक्तीस बसविले, पण त्यांस पाठविणारे हात वेगळे होते.

बेळगावच्या शाळेतला एक मुलगा

टेलर-बेननच्या मिशनाने प्रवचने पुष्कळ केली, पुस्तके वाटली. त्या सर्व खटाटोपातून ख्रिस्ती झालेली माणसे थोडी. परंतु शाळा निघाली आणि ती मात्र भरली. बेळगाव हे मराठी आणि कानडी दोन्ही भाषांचे शहर. छावणीमुळे तमिळ आणि हिंदुस्थानी बोलणारेही तेथे आलेले. पाठविणाऱ्यांस वाटे की आपण 'एका गावी' माणूस धाडला आहे. प्रत्यक्षात तो एकाच वेळी तीन-चार भाषांच्या वस्तीत येऊन पडला होता.

त्या मिशनच्या शाळेत शिकलेला एक मुलगा म्हणजे बाबा पद्मनजी. १८३१ साली बेळगावातच त्यांचा जन्म झाला, जातीने कासार. पुढे ते मुंबईस शिकण्यास गेले, परमहंस सभेच्या मंडळींत वावरले, आणि १८५४ साली परत बेळगावीच येऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ साली, त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून अभ्यासक बहुधा तिचेच नाव घेतात. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दशा पाहते. शेवटी वैधव्य तिच्याच वाट्यास येते. कथा प्रचारकी आहे, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु केशवपन, कोंडून ठेवलेल्या बालविधवा, सोवळ्यातील स्त्रियांचा घरोघरी होणारा छळ हे सर्व मराठी गद्यात इतक्या उघडपणे प्रथम मांडले ते या पुस्तकाने. पुढे हरिभाऊ आपट्यांची यमी आली ती तेहतीस वर्षांनी, १८९० साली.

आता विलायतेतील त्या विणकराचा हिशेब पाहा. त्याने दिडकी दिली ती बेळगावचे लोक ख्रिस्ती व्हावेत म्हणून. मराठी कादंबरी निघावी ही कल्पना त्याच्या स्वप्नातही आली नसेल. मराठी म्हणून काही भाषा आहे, हे तरी त्यास माहीत होते की नाही कोण जाणे! तरी त्याच्या दिडकीचा एक अंश तेथवर येऊन पोचला, हे नाकारता येत नाही.

टेलर यांच्या घरची गोष्टही अशीच. ते बेळगावी आले त्याच वर्षी, बल्लारीस, त्यांना पुत्र झाला : जोसेफ व्हान सोमरन टेलर. तो मोठा होऊन लंडन मिशनतर्फे गुजरातेत, महीकाठच्या प्रदेशात गेला, आणि त्याने १८६७ साली गुजराती भाषेचे जे व्याकरण प्रसिद्ध केले त्यामुळे गुजराती लोक आजही त्यास आपल्या व्याकरणाचा जनक म्हणतात. बेळगावच्या पाद्र्याच्या घरातून गुजरातीचा वैयाकरण निघाला!

कोल्हापूरची उलटी गंगा

बेळगावहून उत्तरेस येऊ. आपल्या कोल्हापुरात १८५२ साली रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकन पाद्री सपत्नीक येऊन राहिले. स्टेशनच्या बाजूचे वायल्डर मेमोरियल चर्च आपणा सर्वांच्या पाहण्यातले आहे. नाव वाचून पुढे जाताना या गृहस्थाने आपल्याच धन्यांशी केवढा झगडा केला होता, हे कोणास ठाऊक असेलसे वाटत नाही.

वायल्डर हे बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी. कोल्हापूरच्या आधी ते अहमदनगरास होते आणि शाळांवर त्यांचा मोठा भर. १८५४-५५ साली बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात पाहणीस आले. त्यांचे मत असे पडले की मिशनऱ्याचे काम उपदेश करणे आणि स्थानिक मंडळी उभी करणे. इंग्रजी शाळा चालविणे नव्हे. देशी मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, खर्च आपण सोसावा, आणि प्रसारही आपणच करावा, हे त्यांचे सूत्र. सूत्र उदार होते, परंतु त्याचा पहिला परिणाम म्हणून बोर्डाच्या इंग्रजी शाळा बंद पडल्या. स्वावलंबनाचा हुकूम बोस्टनहून सुटला, आणि ज्यांच्या मुलांची शाळा बंद झाली त्यांस त्यात शब्द नव्हता.

वायल्डर यांना हे मान्य नव्हते. प्रकृतीसाठी ते स्वदेशी गेले असता बोर्डाने त्यांचा संबंध तोडला. तेव्हा ते १८६१ साली कोणत्याही मंडळाच्या आश्रयाविना, स्वतः पैसा उभा करून कोल्हापुरास परतले, आणि जवळजवळ दहा वर्षे त्यांनी हे काम स्वतंत्रपणे चालविले. १८७० च्या सुमारास अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चने ते आपल्याकडे घेतले. पुढे याच कामाच्या शाखा पन्हाळा, सांगली, कोडोली, इस्लामपूर अशा पसरल्या. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय उभे राहिले तेही याच मिशनचे.

याच घरात १८६३ साली, आपल्या कोल्हापुरात, वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. तो अमेरिकेस प्रिन्स्टन येथे शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे एक शिबिर भरले होते. रॉबर्ट तेथे गेला आणि त्याने परदेशी मिशनाची गोष्ट काढली. शिबिर संपेपर्यंत सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांपैकी शंभर जणांनी परदेशी जाण्याच्या संकल्पावर सह्या केल्या. पुढील वर्षभर रॉबर्टने एका सोबत्याबरोबर अमेरिकेतील आणि कॅनडातील कॉलेजे पालथी घातली आणि आणखी दोन हजारांवर तरुणांची नावे मिळविली. १८८८ साली या कामास विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचे रीतसर रूप आले. पुढील अर्धशतकात या चळवळीतून वीस हजारांच्या घरात माणसे चीन, जपान, हिंदुस्थान, आफ्रिका येथे गेली, असे तिचे इतिहासकार सांगतात. त्याची बहीण ग्रेस मात्र आईबरोबर इकडेच परत आली आणि कोल्हापूरच्या परिसरातील खेड्यांत काम करीत राहिली.

अमेरिकन चर्च कोल्हापुरास माणूस धाडते, आणि कोल्हापुरात जन्मलेला मुलगा अमेरिकन चर्चला हजारो माणसे बाहेर धाडावयास लावतो. पाठविणारे कोण आणि घेणारे कोण, याचा नेमका उलगडा येथे होईनासा होतो.

नकाशावरच्या रेघा

आता मूळ बेळगावकडे वळू. १९०४ साली लंडन मिशनने बेळगावचे आपले काम अमेरिकेच्या मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या स्वाधीन केले. ८४ वर्षांचा संबंध संपला. इमारती, शाळा, मंडळी सर्व एका परदेशी चर्चकडून दुसऱ्या परदेशी चर्चकडे गेले. असे होणे काही नवलाचे नव्हते. गुजरातेतील लंडन मिशनचे काम १८६० च्या सुमारास असेच आयरिश प्रेस्बिटेरियन चर्चकडे गेले होते, आणि टेलर यांचे ते वैयाकरण चिरंजीवही त्या चर्चमध्ये सामील झाले होते. मिशना-मिशनांत असा संकेतच होता की एकाच्या मुलखात दुसऱ्याने शिरू नये, आणि ज्यास झेपत नसेल त्याने आपला मुलूख दुसऱ्यास द्यावा.

१९१० साली कोल्हापूरच्या प्रेस्बिटेरियन मिशनने निपाणीस आपले ठाणे केले. म्हणजे पुणे-बंगळूर रस्त्यावर निपाणीची मंडळी एका अमेरिकन चर्चची, आणि तेथून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरची बेळगावची मंडळी दुसऱ्या अमेरिकन चर्चची. सीमा म्हटली की आपल्या लोकांस १९५६ सालचीच आठवण होते, आणि ते साहजिक आहे. पण त्याच्या अर्धशतक आधी याच रस्त्यावर, दूरदेशीच्या समित्यांनी आपल्या सोयीने एक रेघ ओढून ठेवली होती.

ही रेघ पुढेही पुसली गेली नाही. १९७० साली नागपुरास उत्तर भारतातील निरनिराळी चर्चे एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कोल्हापूर मिशनच्या परंपरेतील मंडळ्या त्यात गेल्या. मेथॉडिस्टांचेही त्यात येणे जवळजवळ ठरले होते, पण ऐन वेळी ते बाहेर राहिले. १९८१ साली त्यांचे मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया हे स्वायत्त चर्च झाले. टेलर बेळगावी आल्याला तेव्हा १६१ वर्षे झाली होती. तिकडे लंडन मिशनरी सोसायटीचे रूप १९७७ साली साफ पालटले. धाडणारे एकीकडे आणि घेणारे दुसरीकडे, ही जुनी रचना मोडून सर्व देशांतील चर्चांनी सारख्या नात्याने एकत्र बसावयाचे आणि माणसे व पैसा वाटून घ्यावयाचा, अशी नवी परिषद झाली. ज्या बेळगावास लंडनने ८४ वर्षे माणसे धाडली, ते मात्र आधीच दुसऱ्याच्या वाटणीत गेलेले असल्यामुळे या पंक्तीस नव्हते.

आपल्या बाजूची वही

मिशनविषयी आपल्या घराघरांतून दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, त्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, आपण उपकार स्मरावेत. दुसरा म्हणतो, त्यांनी माणसे बाटवली. दोघांचेही म्हणणे निराधार नाही, आणि दोघांचेही अपुरे आहे.

बाप्तिस्मा म्हणजे त्या काळी घर मोडणे होते. आईबाप जिवंत मुलाच्या नावाने स्नान करीत. १८५० सालच्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसा शाबूत राहिला. त्यामुळे मुलगा गेला तरी त्याचा वाटा राहिला, आणि जुन्या घराण्यांचा संताप आणखी वाढला. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्यास, जोडीदार नांदावयास तयार नसल्यास, विवाह मोडून घेण्याची वाट मिळाली. या कायद्यांच्या कलमांआड किती बायका माहेरी बसल्या आणि किती आया झुरल्या, त्याचा उल्लेख विलायतेस गेलेल्या पत्रांत क्वचितच सापडेल. तेथे तो 'विजय' म्हणून लिहिला गेला. दुसऱ्या बाजूस, ज्यांस देवळात पाऊल टाकण्याची आणि पाणवठ्यास हात लावण्याची बंदी होती, त्यांच्या मुलाच्या हाती ज्याने प्रथम पाटी दिली त्याची जात आणि देश त्यांनी का विचारावा? आमची पणजी स्नान घालून मुलास आत घेई. त्या मुलांस स्नानानंतरही ओटी मोकळी नव्हती. ही गोष्ट आपण आपल्या वहीत लिहिली नाही तर तो हिशेब खोटा होईल.

मला अधिक खंत वाटते ती निराळीच. लंडन मिशनची पत्रे आज लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत नीट जपून ठेवलेली आहेत. अमेरिकन प्रेस्बिटेरियनांची फिलाडेल्फियास आहेत. पाठविणाऱ्यांची वही सुरक्षित आहे. पण ज्या शास्त्र्याने पाद्र्यास मराठी शिकविली, ज्या मास्तराने खेड्यातील मिशनशाळा पंधरा-वीस रुपयांवर चालविली, ज्या बाईने पदर खोचून दारोदार फिरून बायकांस अक्षर ओळखावयास शिकविले, त्यांचे लिखाण कोठे आहे? त्यांच्याविषयी विलायतेच्या अहवालात बहुधा 'एक देशी मदतनीस' एवढेच असते. ही माणसे परदेशी नव्हती. ती आपल्यांतील होती, मराठी आणि कानडी बोलत होती, आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आज बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, मिरज येथे आपली शेजारी आहेत.

त्यांच्या घरांतून अजून जुन्या ट्रंका असतील. त्यांत बाप्तिस्म्याचे दाखले, मोडी वळणाची पत्रे, मंडळीच्या सभांची टिपणे, भजनांच्या वह्या असतील. वाळवी आणि पावसाळा त्यांची वाट पाहत आहेत. आपल्या ग्रंथालयांनी आणि इतिहासमंडळांनी घराण्यांचे कागद, सनदा, महजर यांसाठी आजवर पुष्कळ कष्ट घेतले. आता या शेजाऱ्यांकडेही कोणी संशोधकाने नम्रपणे जाऊन, त्यांच्या परवानगीने ते कागद पाहावेत, त्यांच्या नकला करून ठेवाव्यात. बाबा पद्मनजींसारखा एखादा आपला वृत्तांत स्वतः 'अरुणोदय' लिहून मागे ठेवतो. बाकीच्यांचा वृत्तांत त्या ट्रंकांतच पडून आहे.